जागा विचारणाऱ्या बाई

"माझ्याकडं तर चालतंय" हे वाक्य बाईंसमोर बोलायची आमच्या ऑफिसात कुणाची छाती नव्हती. म्हणजे नवा आलेला प्रत्येकजण एकदा बोलायचा. प्रोग्राम लिहिला, आपल्या संगणकावर चालवून बघितला, झकास चालला, गिऱ्हाईकाकडं पाठवला आणि तिथं त्यानं मान टाकली, की बारामतीतला कुठलाही पोरगा दुसरं काय म्हणणार? बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "मग बावड्याच्या डेअरीला तुझी खोली भाड्यानं देतोस का? गाई जिना चढतील का तेवढं बघून ठेव." त्यानंतर तो पोरगा ते वाक्य विसरून जायचा. मी दोनदा बोललो, कारण मी मुळातच कोडगा आहे.

बाई म्हणजे सोनवणेबाई. गाव कळस, तालुका इंदापूर. आधी त्या पॉलिटेक्निकला संगणक शिकवायच्या. तिथं वरच्यांशी वाजलं म्हणून सोडून आल्या आणि बारामतीत टायरच्या दुकानावर असलेल्या आमच्या छोट्या कंपनीत रुजू झाल्या. कशावरून वाजलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण वाजलं असणार यात मला नवल वाटलं नाही. आम्ही निम्मे जण त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळे 'बाई' हेच नाव पडलं. कंपनीचे मालक नाना त्यांच्याहून चांगले दहा-बारा वर्षांनी मोठे, तेही त्यांना बाईच म्हणायचे.

आमचं सॉफ्टवेअर गाईंच्या नोंदी ठेवायचं. गावोगावच्या डेअऱ्यांत एक संगणक असतो, त्यात कुणाची गाय कधी भरवली, कुठल्या वळूचं रेत दिलं, कधी व्याली, कालवड झाली की गोऱ्हा, हे सगळं लिहिलेलं. शहरातल्या माणसाला यात काय मोठं असं वाटेल. वाटू दे. ही नोंद नसली की बापाचंच रेत लेकीला दिलं जातं, वासरं अधू निघतात, आणि ज्या बायकांनी दोन पिढ्या निवडून निवडून चांगली गाय घडवली त्यांची सगळी मेहनत पाण्यात जाते. बाई स्वतः गोठ्यात वाढलेल्या. त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ऑफिसात त्यांचं काम शेवटचं आणि कुणालाच नको असलेलं. लिहिलेला प्रोग्राम तसाच उचलून गिऱ्हाईकाला देता येत नाही. त्याचे बारीकसारीक ढीगभर तुकडे असतात. त्यांचं एक गाठोडं बांधावं लागतं. ते बांधणारं जे साधन असतं त्याला बिल्ड टूल म्हणतात. कुठला तुकडा गिऱ्हाईकाच्या संगणकात कुठं जाऊन बसेल हे त्या साधनाला आधी लिहून द्यावं लागतं. या जागा लिहिणं म्हणजे बाईंचं राज्य. बाकीचे सगळे आपापला प्रोग्राम लिहून टाळ्या घ्यायला मोकळे, आणि गाठोडं सुटलं की शिव्या मात्र बाईंना. त्या शिव्या त्या घ्यायच्या नाहीत, ज्याच्या त्याला परत करायच्या.

त्यांचा नियम एकच. जागा लिहिताना मुळापासूनचा पूर्ण पत्ता लिहायचा नाही. "घरातली खोली लिहा," त्या म्हणायच्या, "घर कुठल्या गावात आहे ते ज्याचं त्याला ठरवू द्या." म्हणजे चित्रं चित्रांच्या कप्प्यात, माहिती माहितीच्या कप्प्यात, एवढंच आपण सांगायचं. ते कप्पे कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरखाली उभे राहतील, ते बसवताना गिऱ्हाईक सांगेल. आम्हाला हा नुसता चोखंदळपणा वाटायचा. सुहास नावाचा आमचा एक सहकारी होता, हुशार पण घाईचा. त्यानं एकदा बाईंना न विचारता वळूंच्या माहितीच्या फाईलला आपल्याच संगणकाचा पूर्ण पत्ता लिहून टाकला. त्याचा परिणाम असा झाला, की गाठोडं बांधताना साधनानं ती फाईल गाठोड्यात घातलीच नाही, नेऊन सुहासच्याच संगणकात त्या पत्त्यावर ठेवली. त्यामुळे त्याच्याकडं सगळं चालत होतं. बावड्यात मात्र प्रोग्राम उघडला आणि डेअरीचे सचिव तात्या यांचा फोन आला. ते बाईंना म्हणाले, "बाई, गाई समद्या हायती, पण वळू एकबी न्हाय. आता आमी काय करावं?"

ऑफिसात आम्ही पोटं धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सुहासला स्कूटीवर मागं बसवलं आणि थेट बावड्याला नेलं. पार इंदापूरच्या पलीकडं, उन्हातान्हात. तिथं त्याला तात्यांसमोर उभं करून, काय चुकलं ते त्याच्याच तोंडानं मराठीत सांगायला लावलं. इंग्रजी शब्द आला की थांबवायच्या आणि पुन्हा सांगायला लावायच्या. सुहास परतला तेव्हा त्याचं तोंड उन्हानं आणि लाजेनं लाल झालेलं होतं, पण पुढं पूर्ण पत्ता त्यानं कधी लिहिला नाही.

त्यानंतर बाईंनी ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुनाट संगणक मांडला. त्याचं नाव बाईंनी 'सासर' ठेवलं होतं. त्यावर आमच्या कामाचं काहीही ठेवायचं नाही असा दंडक. गावाकडं जसं असतं तसंच त्यावर सगळं मुद्दाम करून ठेवलेलं: वापरणाऱ्याचं नाव देवनागरीत, फोल्डरांना 'गाई नवीन', 'गाई नवीन दोन', 'गाई खरं नवीन' अशी नावं, मध्ये मोकळ्या जागा सोडलेल्या. बांधलेलं प्रत्येक गाठोडं आधी सासरी जायचं. माहेरी सगळेच लाड करतात, असं बाई म्हणायच्या. सासरी नांदलं तरच गाठोडं बाहेर पडायचं, नाहीतर लिहिणाऱ्याला पुन्हा कामाला बसवायचं. बाईंनी स्वतः लग्न केलं नव्हतं. त्यावरून कुणी चेष्टा केली तर म्हणायच्या, लांबून बघणाऱ्यालाच नीट दिसतं.

एरवी त्यांचं बोलणं शुद्ध, पुस्तकी म्हणावं इतकं. पण राग आला की बाई कळसच्या व्हायच्या. 'आहे'चं 'हाय' झालं की आम्ही खुर्च्या सावरून बसायचो. आणि तो राग आरडाओरड्याचा नसायचा. उलट आवाज खाली जायचा, ते जास्त वाईट.

आता फॉरमॅटचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या भागात संगणक जरा हळू चालायला लागला, की तालुक्याच्या गावातून दुरुस्तीवाला येतो आणि 'फॉरमॅट मारतो'. दुखणं काय आहे ते बघायचं नाही, सी ड्राइव्ह पुसायचा आणि विंडोज नवं टाकायचं. हे इतकं अंगवळणी पडलंय की लोक स्वतःच फोन करून सांगतात, जरा फॉरमॅट मारून जा. मात्र डी ड्राइव्हला कुणी हात लावत नाही. लग्नाचे फोटो, भजनाच्या फिती, पोरांचे निकाल, जे काही जिवाचं असेल ते डीमध्ये. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण बावड्यापासून सोमेश्वरनगरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही शहाणे मात्र प्रोग्राम आणि नोंदी दोन्ही सीमध्ये बसवत होतो, कारण पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं.

बाई डेअऱ्यांतून हिंडल्या, त्यांनी हे पाहिलं आणि जागा बदलल्या. प्रोग्राम सीमध्ये जाऊ दे, गेला तर पुन्हा टाकता येतो. नोंदींची जागा मात्र बसवताना विचारायची. बसवताना पडद्यावर येईल अशी एक पाटी त्यांनी लिहिली: 'गाईंच्या नोंदी कुठं ठेवू?' खाली डी ड्राइव्ह सुचवलेला, पण निवड गिऱ्हाईकाची. आणि प्रोग्राम काढून टाकला तरी नोंदींना धक्का लागायचा नाही. आमच्यातल्या एकानं 'कुठे ठेवायच्या आहेत' असं शुद्ध करायला सुचवलं. बाई म्हणाल्या, आपण ज्याच्या दारात उभे आहोत त्याच्या भाषेत विचारावं. पाटी तशीच राहिली.

मग पुण्याची कंपनी आली. मोठी होती, जनावरांचं खाद्य आणि औषधं विकायची. आमचं सॉफ्टवेअर त्यांना आपल्या नावानं शेकडो गावांत बसवायचं होतं. नानांसाठी ही मोठी गोष्ट होती. कंपनी त्यांनी फार ओढाताणीनं चालवली होती, आणि आम्ही सगळे त्यांच्या जिवावर होतो, हे मी मुद्दाम सांगतो. नाना वाईट माणूस नव्हे. पण पुण्याच्या साहेबांची अट अशी होती, की प्रोग्राम आणि नोंदी सगळं सी ड्राइव्हवर, त्यांच्या कंपनीच्या नावाच्या एकाच फोल्डरमध्ये बसलं पाहिजे. कुणाला काही विचारायचं नाही. आणि एखाद्या डेअरीनं करार मोडला, की प्रोग्राम काढताना नोंदींसकट सगळं निघून आलं पाहिजे.

म्हणजे गाई बायकांच्या, शेण काढणार त्या, रात्रीबेरात्री गाईंची बाळंतपणं करणार त्या, आणि नोंदी साहेबांच्या. डेअरीनं दुसऱ्याचं खाद्य घ्यायचं म्हटलं, की गावातल्या सगळ्या गाई एका दिवसात बिनबापाच्या. हे त्या बैठकीत आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. कळून आम्ही पेनाशी खेळत बसलो होतो.

बाईंनी आधी फॉरमॅटचं समजावून सांगितलं, अगदी शुद्ध भाषेत. साहेब बोलायला गोड होते. ते म्हणाले, "मॅडम, गावात कशाला विचारत बसायचं? त्यांना काय कळतंय? जागा आम्ही ठरवू."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साहेब, 'तुमची जागा आमी ठरवू' हे आमच्या घरात लई जुनं वाक्य हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आजानं ऐकलं, बापानं ऐकलं. मी ऐकणार न्हाय. आन् माझ्या हातनं दुसऱ्याला ऐकवणारबी न्हाय."

कळसच्या गावकुसाबाहेरच्या सोनवण्यांच्या घरातलं हे वाक्य कुठून आलं असेल ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला समजलं.  नानांनी चहा मागवला. साहेब गेल्यावर त्यांनी बाईंना एकट्यांनाच आत बोलावलं, पण भिंत प्लायवुडची, सगळं ऐकू येत होतं. नाना म्हणाले, एक ओळ तर बदलायचीय बाई, एवढ्यासाठी एवढी माणसं रस्त्यावर आणू नका. बाई म्हणाल्या, एकच ओळ आहे म्हणूनच बदलणार नाही. नानांनी मग मला सांगून बघितलं. मी म्हणालो, मला ते जमत नाही. जमत होतं, नानांनाही ते ठाऊक होतं. शेवटी त्यांनी सगळं काम पुण्याला पाठवून दिलं आणि तिथल्या माणसानं एका दुपारीत बदल केला. बाईंनी सगळ्या जागा इतक्या नीट आणि एकाच ठिकाणी लिहिल्या होत्या, की बदलणाऱ्याला काही शोधावंच लागलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

पहिलं प्रात्यक्षिक बावड्याच्या डेअरीत ठरलं. ती आमची सगळ्यात जुनी डेअरी, तिनं होकार दिला की आजूबाजूच्या देणार. तात्यांनी निरोप धाडला, की बाई आल्याशिवाय यंत्राला कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे नानांना बाईंना न्यावं लागलं. मीही गेलो, आणि पुण्याहून साहेब आपला माणूस घेऊन आले. डेअरीत सकाळचं दूध घालून झालेल्या बायका थांबल्या होत्या, त्यांत शालनकाकी पुढं. शालनकाकींच्या गोठ्यातल्या कालवडी बघायला लांबून माणसं येतात.

बाईंनी सुरू होण्याआधीच सगळ्या नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि तो तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. मग पुण्याच्या माणसानं त्यांचं गाठोडं बसवलं. डीमधल्या नोंदी त्यानं उचलून सीमध्ये, साहेबांच्या नावाच्या फोल्डरमध्ये नेल्या. सगळं सुरेख चाललं. रंगही आमच्यापेक्षा चांगले होते. शालनकाकींनी आपल्या चंद्रीचं नाव बघितलं, चंद्रीच्या आईचं बघितलं, खूष झाल्या. साहेब हसून नानांकडं बघत होते.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता हे काढून दाखवा." पुण्याचा माणूस गडबडला. बाई म्हणाल्या, करार संपला असं समजा आणि काढा, तुमचंच बटण आहे. त्यानं साहेबांकडं पाहिलं. इतक्या लोकांत नाही कसं म्हणणार? त्यानं काढलं. बाईंनी मग तात्यांच्याच हातानं आमचं जुनं गाठोडं बसवलं, जागा विचारली, तात्यांनी डी सांगितला. प्रोग्राम उघडला. आत एकही गाय नव्हती.

शालनकाकी पडद्याजवळ गेल्या. त्यांनी विचारलं, "माझी चंद्री कुठं गेली?"

बाई म्हणाल्या, "साहेबांनी नेली."

पुढचं काही बाईंना बोलावं लागलं नाही. बायकांनी साहेबांना असे प्रश्न विचारले, की त्यांची उत्तरं त्यांच्या गोड आवाजात बसेनात. व्याली कोण, राबलं कोण, आणि घेऊन जाणारे तुम्ही कोण? तात्यांनी खिशातला पेनड्राइव्ह काढला, बाईंनी नोंदी परत घातल्या, आणि तात्या नानांना म्हणाले, तुमचं हाय तसंच राहू द्या, ह्यांचं नको. साहेबांनी चहा संपवला, नमस्कार केला आणि गेले. करार तिथंच संपला.

परतताना गाडीत नाना चालवत होते, मी शेजारी, बाई मागं. इंदापूर मागं पडलं. मग नाना म्हणाले, बाई, चार लोकांत तुम्ही माझा करार मोडलात. बाई म्हणाल्या, "व्हय. मोडला." सारवासारव नाही, माफी नाही, 'पण'सुद्धा नाही. नाना म्हणाले, उद्यापासून येऊ नका. कळसच्या फाट्याला बाईंनी गाडी थांबवायला सांगितली, उतरल्या, पर्स खांद्याला लावली आणि चालू लागल्या. मला उतरून त्यांच्याबरोबर चालत जावंसं वाटत होतं. नानांनी काच खाली केली होती, हाक मारणार असं वाटलं, पण मारली नाही.

नंतर कंपनी आक्रसली. सुहास आणि आणखी काहीजण पुण्याला गेले. बारामतीत चहाच्या टेबलावर लोक म्हणायचे, हट्टी बाई, एका फोल्डरपायी कंपनी बुडवली. पुण्याच्या कंपनीनं दुसऱ्या कुणाकडून तसलंच सॉफ्टवेअर करून घेतलं आणि काही तालुक्यांत बसवलं. त्या गावांत पुढं काय झालं ते ज्यांच्या गाई होत्या त्यांना विचारा. गाठोडी बांधायचं काम माझ्याकडं आलं. बाईंनी लिहिलेल्या जागांना मी हात लावला नाही आणि नानांनीही कधी लावायला सांगितलं नाही. बाई कळसला घरूनच आसपासच्या डेअऱ्यांची कामं करून द्यायच्या. मी अडलो की फोन करायचो, त्या शुद्ध भाषेत सांगायच्या. नानांचं नाव दोघंही काढत नव्हतो.

गेल्या वर्षी बाई गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मला राग आला. रडू नंतर आलं, आधी रागच आला, की भांडायला एवढी माणसं शिल्लक असताना ही बाई मध्येच उठून कशी गेली.

कळसला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, मग ज्यांना बोलायचं त्यांनी बोलायचं. बावड्याहून तात्या आणि बायका टेम्पो करून आल्या होत्या. नानाही आले होते, खूप वाळलेले. मी उठायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, सागर, दोन शब्द चांगले बोल, बावड्याचं मात्र काढू नको, मेलेल्या माणसाचं वाईट काढू नये.

मला कळेना, बावड्याचं हे वाईट कधीपासून झालं. मी उठलो आणि तेच काढलं. दुसरं काही बोललोच नाही. कंपनीनं बाईंना एक ओळ बदलायला सांगितली, बाईंनी बदलली नाही, नोकरी गेली आणि गाई राहिल्या, असं सांगितलं. ज्यांना हा हट्ट वाटतो त्यांनी खुशाल वाटून घ्यावा, असंही सांगितलं. शालनकाकी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. नाना खाली बघत होते.

निघताना चपला शोधत होतो तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले. आता ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत राहिलो, उत्तरंही तयार होती.

"तू 'कंपनीनं सांगितलं' म्हणालास," नाना म्हणाले. "कंपनी कोण व्हती? मी सांगितलं व्हतं. बाईनं माझ्या तोंडावर मला न्हाय म्हटलं. आन् तू तिच्या दारात माझं नाव झाकलंस."

एवढं बोलून ते गाडीकडं गेले. 

तर आता नीट लिहितो. जागा बदला असं नाना म्हणाले होते. बाई न्हाय म्हणाल्या.